आधी पाचशे मीटर! पुण्यातल्या पायी चालणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही पुण्यात पायी चालणारे. बसथांबा गाठणारे, मेट्रो पकडणारे, पोरांना शाळेत सोडणारे, धुण्याभांड्याची घरं सांभाळणारे. गाडीवालाही गाडीतून उतरला की आमच्यातलाच. आमचं म्हणणं एकच आहे : स्थानकाभोवती इमारती वाढवता, तर चालायची वाटही वाढवा.

मेट्रो पुण्यात मार्च २०२२ मध्ये धावली. त्याआधीच, डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने स्थानकांभोवती पाचशे मीटरच्या वर्तुळात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देऊ केला. विचार रास्त आहे. स्थानकाजवळ जास्त माणसं राहिली की गाडीवाचून भागतं. पण इमारत बिल्डरची, गाडी महामेट्रोची, बस पीएमपीची, आणि दारापासून स्थानकापर्यंतच्या वाटेची काळजी मात्र कुणालाच नाही. ती वाट धड नसेल, तर वाढीव मजल्यांबरोबर वाढतील त्या फक्त मोटारी.

वर्तुळ नकाशावर काढलं जातं, चालायचं रस्त्यावरून असतं. डेक्कन जिमखाना स्थानक मुठेच्या काठी, पलीकडची नारायण पेठ नकाशात अगदी शेजारी. पण नदी ओलांडायची तर पूलच गाठावा लागतो. इतरत्र सोसायट्यांच्या सलग भिंती आणि अखंड दुभाजक हाच वळसा घालायला लावतात. उरलेल्या वाटेवर फुटपाथ दर गेटपाशी खाली उतरतो आणि गेट संपलं की पुन्हा वर चढतो. मध्ये विजेचा डीपी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर चढवलेल्या दुचाकी. काठी टेकत निघालेली आजी शेवटी रस्त्यावर उतरते, आणि मागून हॉर्न वाजतो.

कागदांची वाण नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ये-जा मध्यभागी ठेवली. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर करून बासनात ठेवलं. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ करूनही दाखवला. म्हणजे जमत नाही असं नाही. शोभेच्या रस्त्यावर जमतं, गल्लीत जमत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१. पाचशे मीटर पायी मोजा. ज्या घरापासून स्थानक प्रत्यक्ष चालत तेवढ्या अंतरात येतं, त्यालाच वाढीव एफएसआय द्या. अंतर कमी करणारे पूल आणि पायवाटा विकास आराखड्यात दाखवा.

२. आधी वाट, मग ताबा. वाढीव एफएसआयसाठी बिल्डर भरतो त्या अधिमूल्यातला ठरावीक वाटा त्याच वर्तुळात खर्च करा आणि हिशेब स्थानकावर लावा. समोरचा फुटपाथ पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नको.

३. फुटपाथ सलग हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने किमान १.८ मीटर मोकळा. गेटपाशी माणसाने उतरायचं नाही, मोटारीने चढायचं.

४. नियम इमारतीला किमान किती पार्किंग हवं ते सांगतात. स्थानकाजवळ जास्तीत जास्त किती, ते सांगा.

५. रस्त्याकडेला कोऱ्या भिंती नकोत, तळमजल्यावर दुकानं हवीत. २०१४ च्या कायद्याप्रमाणे फेरीवाल्यांना आखून जागा द्या. त्यांच्यामुळे रात्री उशिरा चालणाऱ्या बाईला सोबत असते.

६. बसथांबा स्थानकाच्या दाराशी आणा. सिग्नल म्हाताऱ्या माणसाच्या चालीने लावा.

७. वर्तुळात लहान आणि भाड्याची घरं सक्तीची करा. स्थानकाशेजारी दोन-दोन मोटारींची कुटुंबं राहायची आणि रोज बसने जाणाऱ्याने वाघोलीच्या पलीकडे घर शोधायचं, याला नियोजन म्हणत नाहीत.

आम्ही कुठल्या पक्षाचे नाही, गाडी असणाऱ्यांचे वैरीही नाही. बोलू ते मोजून बोलू. प्रत्येक स्थानकावर आमचा एक गट टेप घेऊन निघेल. फुटपाथची रुंदी, तुटलेल्या जागा आणि पडणारा वळसा लिहून काढेल. तो कागद क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन देऊ. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की नोंदवू. सहभागी अंदाजपत्रकात त्याच कामांची मागणी लावू, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला म्हणू : आधी आमच्याबरोबर स्थानकापर्यंत चला, मग बोला.

आपल्या स्थानकाचा गट आजच करा. टेप, वही आणि दोन शेजारी पुरेत.