पाऊस पुरेसा, तरी उन्हाळ्यात टँकर : पीथमपूरने देवासकडून काय शिकावे?

पीथमपूर (जि. धार) : दिवसा चटका, रात्री गारवा ही माळव्याच्या उन्हाळ्याची जुनी ख्याती. पठाराची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने संध्याकाळी वारा सुटतो. पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इथल्या माणसाला हवेपेक्षा बोअरची काळजी जास्त असते.

खरं तर पाऊस कमी नाही. धार आणि देवास जिल्ह्यांत वर्षाला साधारण ८०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. अडचण अशी की बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. वर काळी माती आणि खाली बेसाल्टचा खडक. पाणी मुरतं ते भेगांपुरतंच, बाकीचं वाहून जातं. उरलेले आठ महिने त्या भेगांतल्या साठ्यावर काढायचे असतात.

लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. देवासने ती वेळ १९९० मध्येच पाहिली होती. गावोगावी ट्यूबवेल झाल्या आणि भूजल खोल गेले. पुढे २००६ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत तळी खोदायला राजी केले. ‘रेवा सागर’ नावाने हजारो तळी झाली आणि ज्या शेतात फक्त सोयाबीन व्हायचे, तिथे गहू-हरभराही निघू लागला. शेतकऱ्याने त्यासाठी जमिनीचा तुकडा सोडला, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

दुसरा मार्ग नर्मदेचा. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नर्मदा-क्षिप्रा जोडप्रकल्पात पाणी जवळपास साडेतीनशे मीटर वर चढवावे लागते. म्हणजे पाण्यासोबत विजेचे बिलही कायमचे आले.

आता मागणी आणखी वाढणार आहे. पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे आणि औषधांचे कारखाने आहेतच. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये धार जिल्ह्यातल्याच भैंसोला इथे पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली. कापडावरच्या प्रक्रियेला पाणी किती लागतं, हे इचलकरंजी-मालेगावकरांना वेगळं सांगायला नको.

पवार संस्थानांच्या काळापासून धार-देवासमध्ये मराठी घरं आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही माणसांचा आहे. रोजगार हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण कारखान्याच्या छतावरचं पाणी कुठे जातं, वापरलेलं पाणी किती वेळा फिरतं आणि बोअरवर मीटर आहे का, हे पावसाळ्याआधीच विचारायला हवं. देवासच्या शेतकऱ्याने आपल्या वाटची जमीन तळ्याला दिली. कारखान्यांनीही आपला वाटा उचलावा, एवढीच अपेक्षा.