तळाचा शिक्का

जुना जपानी चिनी मातीचा कुत्रा हाती येताच संग्राहक त्याला उलटा करतो. तळाशी 'मेड इन ऑक्युपाइड जपान' दिसले की भाव चढतो. १९४५ ते १९५२ जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता. ती पराधीनता निर्यातीच्या मालावर अशी उमटली. त्याआधी, १९२१मध्ये, अमेरिकी जकातखात्याने 'निप्पॉन' हा शब्द अमान्य केला, म्हणून 'जपान' आला. अर्थात शिक्का बोलतो ती भाषा गिऱ्हाइकाच्या कायद्याची, कारागिराची नव्हे.

कालनिश्चितीसाठी शिक्का पाहावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कालनिश्चिती म्हणजे मूल्यमापन नव्हे. सेतो शहरातील कारखान्यांत साच्यातून निघालेल्या अशा मूर्तींचे डोळे-नाक हातांनी रंगवले जात. त्यामुळे एकाच साच्यातील दोन कुत्री सारखी पाहत नाहीत. ते हात मात्र निनावी राहिले. निनावी कारागिराचा गौरव करणाऱ्या यानागी सोएत्सु यांच्या 'मिंगेई' विचाराचा भरही नित्य वापरातील वस्तूंवर होता. परदेशी फडताळावरच्या शोभेच्या कुत्र्याला तेथे आसरा कुठला?

प्रकाशनवर्ष पाहून कवितेची प्रत ठरवणाऱ्या समीक्षकास आपण हसतो. मग तळ पाहून शिल्प जोखणाऱ्यास जाणकार का म्हणावे? आमचे मागणे एवढेच, की कुत्रा आधी सरळ उभा करावा आणि त्याच्या डोळ्यांत पाहावे.