एकशे अठ्ठावीस प्रश्न आणि एक न बसलेला सिग्नल

मागच्या महिन्यात बॉस्टनजवळ राहणाऱ्या मित्राकडे वीकेंडला गेलो होतो. जेवणं झाली आणि वहिनींनी पत्त्यांसारखा कार्डांचा गठ्ठा काढला. त्यांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू जवळ आलाय. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे. १२८ प्रश्नांची यादी, त्यातले जास्तीत जास्त २० विचारणार, १२ बरोबर यायला हवेत. (आधी १०० प्रश्न, दहापैकी सहा, असं सोपं प्रकरण होतं.) "विचार रे, कुठलाही विचार," वहिनी म्हणाल्या.

हाऊसमध्ये मतदान करणारे सभासद किती? ४३५. घटनादुरुस्त्या किती? २७. फेडरलिस्ट पेपर्स लिहिणाऱ्यांपैकी एकाचं नाव? "मॅडिसन, हॅमिल्टन, जे. आणि पब्लियस म्हटलं तरी चालतं!" आम्ही गार.

मग त्यांच्या मुलाला बसवलं. जन्म इथला, हायस्कूलच्या अकरावीत. दहापैकी चार! झालं, मित्राचं प्रवचन सुरू. इथे जन्मलेल्यांना फुकट मिळतं म्हणून किंमत नाही वगैरे वगैरे. मुलाने ते सराईतपणे ऐकून घेतलं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता, कारण 'इमिग्रंटला येतं आणि अमेरिकन पोराला येत नाही' हा विनोद आता शिळा झालाय. पण थोड्या वेळाने विषय निघाला शाळेसमोरच्या क्रॉसिंगचा. गाड्या सुसाट जातात, सिग्नल नाही, वहिनी तीन वर्षं टाऊनच्या नावाने बोटं मोडतायत. पोरगा शांतपणे म्हणाला, "आई, तो रस्ता टाऊनचा नाहीच. स्टेटचा आहे. सिलेक्ट बोर्डाने कितीही ठरवलं तरी स्टेटच्या परवानगीशिवाय तिथे सिग्नल बसत नाही." हे त्याला कसं माहीत? आठवीत त्याच्या गटाने याच क्रॉसिंगवर प्रोजेक्ट केलं होतं. गाड्या मोजल्या, पत्रं लिहिली, आधी चुकीच्या ऑफिसात गेले, मग बरोबर ऑफिसात गेले, स्टेटच्या आमदाराचं उत्तर आलं. सिग्नल अजून बसलेला नाही. पण कुठल्या टेबलावर अडलाय ते त्याला ठाऊक आहे.

आता सांगा, यातल्या कोणाला नागरिकशास्त्र येतं?

अमेरिकन शाळांत सिव्हिक्स सक्तीचं असावं का, हा वाद तिथे सारखा उकरला जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो. असावं. नुसतं 'उपलब्ध' नाही, ऐच्छिक नाही, इतिहासाच्या तासात दोन आठवडे घुसवलेलं नाही. गणितासारखं सक्तीचं. आणि याच कारणासाठी त्या प्रश्नसंचाच्या परीक्षेची सक्ती मात्र नको, कारण ती करून सरकारं हात झटकतात.

ॲरिझोनाने २०१५ च्या जानेवारीत पहिला कायदा केला: सिटिझनशिपच्या परीक्षेतलेच १०० प्रश्न, ६० बरोबर आले तरच हायस्कूलचा डिप्लोमा. मग बऱ्याच राज्यांनी आपापल्या परीने तोच कित्ता गिरवला. करणाऱ्यांना सोयीचं आहेच. शिक्षक नको, तास नको, पैसा नको. प्रश्न आणि उत्तरं दोन्ही सरकारी साइटवर. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको: टेस्ट केसेस आधीच हातात असतील तर कोड न लिहिता सगळ्या टेस्ट पास करता येतात, डॅशबोर्ड हिरवागार, आणि प्रॉडक्शनला पहिल्याच दिवशी आडवा!

आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेचं कुंपण घालण्याचा इतिहास त्या देशात फार घाणेरडा आहे. मिसिसिपीत मतदार नोंदणीला गेलेल्या काळ्या माणसाला राज्याच्या घटनेतलं एखादं कलम देऊन त्याचा अर्थ लिहायला लावत. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा कारकून. १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टने ते बंद पाडलं. ॲरिझोनाचा हेतू तसा होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण 'आधी उत्तरं दे, मग कागद देतो' ही रचना त्या देशात तरी सांभाळूनच वापरावी.

"राज्यघटनेत गुगल करता येत नाही असं काय आहे?" हा आपल्या इंजिनिअर मंडळींचा आवडता प्रश्न. आठवीच्या मुलांची जी राष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात २०२२ साली सिव्हिक्सचा सरासरी गुण १५३ वरून १५० वर घसरला. १९९८ मध्ये ही चाचणी या स्वरूपात सुरू झाल्यापासूनची पहिली घसरण. 'प्रोफिशियंट' किंवा त्याहून वर फक्त २२ टक्के मुलं. ॲनेनबर्ग सेंटरच्या २०१६ च्या पाहणीत सरकारच्या तिन्ही शाखांची नावं सांगू शकणारे प्रौढ होते २६ टक्के. गुगल तेव्हाही होतं की! शोधायला आधी काय शोधायचं ते माहीत असावं लागतं. रस्ता स्टेटचा असू शकतो हेच डोक्यात नसेल तर सर्च बॉक्समध्ये टाइप काय करणार?

दुसरं, वेळ कुठे आहे? हे मला पटतं, पण वेळ गेला कुठे तेही बघा. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने वाचन आणि गणित यांच्या निकालावर शाळांचं भवितव्य टांगलं. मोजतात तेच शिकवतात, बाकीचं आक्रसतं. २०२१ च्या 'एज्युकेटिंग फॉर अमेरिकन डेमोक्रसी' अहवालात एक आकडा आहे: केंद्र सरकारचा दरडोई दरवर्षी खर्च स्टेमवर सुमारे ५० डॉलर, सिव्हिक्सवर ५ सेंट. हजारास एक! स्टेमवर पोट भरणारा मीही हे वाचून ओशाळलो.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. शिक्षक आपलं राजकारण मुलांच्या गळी उतरवतील. डाव्यांना वाटतं उजवे उतरवतील, उजव्यांना वाटतं डावे. २०२१ मध्ये टेक्सासने तर कायदाच केला की, आमदारांना भेटून-लिहून एखादा मुद्दा पटवण्याच्या कामाला शाळेत मार्क किंवा क्रेडिट देता येणार नाही. म्हणजे आमच्या पोराचं क्रॉसिंगचं प्रोजेक्ट तिथे बाद. उलट मॅसॅच्युसेट्सच्या २०१८ च्या कायद्यात असं प्रोजेक्ट आठवीत एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा करून घेणं शाळांना बंधनकारक आहे. शिक्षक विषय सुचवताना झुकतं माप देईल ही भीती खोटी नाही. मुलांनी विषय स्वतः निवडला तर ती कमी होते, जात नाही. पण शाळेने विषयच काढला नाही तर मूल कोरं राहतं का? ते फोनवर शिकतं, आणि तिथला मास्तर कोण असतो ते आपण सगळे जाणतो.

आता कोणी म्हणेल, तुमच्याकडे सक्तीचं होतं ना, काय दिवे लावले? मान्य. महाराष्ट्र बोर्डात नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं. मी जिल्हा परिषदेची कार्ये लिहून पैकीच्या पैकी मार्क आणलेले आहेत, आणि पहिल्यांदा मत द्यायला गेलो तेव्हा आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे मला शेजारच्या इस्त्रीवाल्याला विचारावं लागलं होतं. हा सक्तीचा दोष नाही, 'थोडक्यात उत्तरे द्या'चा दोष आहे. मला कोणी एकदा तरी प्रभाग कार्यालयात एखाद्या अर्जामागे पळवायला हवं होतं.

राहता राहिला प्रश्न, सक्ती करणार कोण. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही. तो राज्यांचा विषय, आणि अभ्यासक्रम ठरवायला केंद्राला कायद्यानेच मनाई आहे. १९७३ च्या रॉड्रिग्ज खटल्यात सुप्रीम कोर्टाने शिक्षण हा केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही असं ठरवलं, पाच विरुद्ध चार. २०१८ मध्ये ऱ्होड आयलंडच्या काही विद्यार्थ्यांनी तरीही दावा लावला की, मत द्यायला आणि ज्युरीवर बसायला लागेल इतकं शिक्षण मिळणं हा आमचा हक्क आहे. २०२० मध्ये न्यायाधीशांनी मुलांचं कौतुक केलं, धोका खरा आहे असं लिहिलं, आणि दावा फेटाळला. अपील कोर्टानेही २०२२ मध्ये तोच निकाल कायम ठेवला. शेवटी राज्याच्या शिक्षण खात्याशी तडजोड होऊन एक टास्क फोर्स नेमला गेला. (टास्क फोर्स! आपल्याकडे समिती नेमतात तसंच.)

म्हणजे मार्ग उरतो तो राज्याचा आणि गावच्या स्कूल कमिटीचा. इथली आपली मंडळी पोरांना मॅथ ऑलिम्पियाडला शंभर मैल घेऊन जातात, आणि तीन मैलांवरच्या स्कूल कमिटीच्या मीटिंगला एकदाही गेलेली नसतात. व्हिसावर आहोत, मत नाही, मग काय बोलणार, असं मीही म्हणायचो. मत नाही हे खरं, पण उठून बोलायला बहुतेक ठिकाणी रहिवासी असणं पुरतं. हेही मला त्या अकरावीतल्या पोराने सांगितलं.

वहिनींचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे. सिलेक्ट बोर्डाची मीटिंग त्याआधी, येत्या मंगळवारी. क्रॉसिंग पुन्हा अजेंड्यावर आहे, दोघं मायलेक जाणार आहेत म्हणे.