देवराष्ट्रेचं घर आणि आपली पंधरा मिनिटं

शिक्षक मित्रांनो, लातूरहून सहल सांगलीकडे नेता ना? मग सागरेश्वर अभयारण्याजवळच्या देवराष्ट्रे गावी तासभर तरी थांबा. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी इथंच, आजोळी झाला. ते घर जपून ठेवलंय.

आम्ही गेलो होतो. पंधरा मिनिटांत फोटो काढून निघालो. चूक माझीच. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग देशाचे संरक्षणमंत्री, अशी पदं मी मुलांकडून पाठ करून घेतली होती. घर नीट बघा, असं म्हटलंच नाही. वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी कष्टानं वाढवलं, हे मुलांना त्या घरापुढं बसवून सांगायचं असतं. आणि ईबीसीचंही सांगायचं. गरिबांच्या मुलांना ती फी सवलत यशवंतरावांच्याच सरकारनं दिली. पालकहो, जरा आठवा, तुमच्याही घरात कुणीतरी तिच्यावर शिकलेलं असेल. माझे वडील शिकले.

गाडी कऱ्हाडच्या रस्त्याला लागल्यावर चौथीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, ते घर तर आमच्या घराएवढंच होतं की!"