केमोसोबत काढा चालू आहे? मग डॉक्टरांना सांगा

कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की चार दिवसांत घरात गव्हांकुराचा रस येतो, लक्ष्मणफळाची पानं येतात, कुणीतरी गुळवेलीचा काढा सुचवतं आणि व्हॉट्सॲपवर एखाद्या वैद्यांचा नंबर फिरू लागतो. सुचवणारे मायेनेच सुचवतात, तुम्हीही मायेनेच आणता. पण केमोच्या दिवशी डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही औषधं चालू आहेत का?’ तेव्हा पेशंट नातेवाइकांकडे बघतो, नातेवाईक जमिनीकडे, आणि उत्तर येतं, ‘नाही, काही नाही.’

माझ्या मते कित्येकदा काढ्यापेक्षा हे ‘काही नाही’च जास्त धोक्याचं असतं. यात दोष एकट्या तुमचा नाही. विचारलं की ओरडणारे डॉक्टर काही कमी नाहीत, मग लोक लपवणारच. तरीही सांगा. हिरव्या झाकणाची बाटली, पुडीतली पावडर, गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून तपासणीला घेऊन या.

याचं कारण सांगतो. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून त्यांनी गुळवेल सुरू केली होती. केमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. तिथले रिपोर्ट बिघडले की पुढचा डोस लांबतो, आणि नक्की कशामुळे बिघडले हे डॉक्टरांना कळायला मार्ग राहत नाही. हळदीचंही तसंच. भाजीतली हळद खुशाल खा. पण मिरीच्या अर्कासह येणाऱ्या करक्युमिनच्या कॅप्सूल वेगळ्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे प्रभावी रूप तयार होतं, त्याचं रक्तातलं प्रमाण अशा कॅप्सूलमुळे घटू शकतं. म्हणजे गोळी रोज घेताय, पण ती पुरेशी पडत नाही!

‘डॉक्टर, पण केमोची औषधंसुद्धा झाडांपासूनच येतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो. येतात की. अंगणातल्या सदाफुलीपासून विनक्रिस्टीन मिळतं. पण ते शुद्ध करून, तुमच्या वजन-उंचीवरून हिशेब करून दिलं जातं. पानं चावून तो हिशेब कसा करणार?

आता सगळ्यात मोठा मुद्दा. पूरक उपचार म्हणजे मुख्य उपचारांच्या जोडीला घेतलेले, पर्यायी म्हणजे त्यांच्या जागी घेतलेले. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये न पसरलेला कॅन्सर असलेल्या, फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्या ५६० रुग्णांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. त्याच वर्षी त्यांनी पूरक उपचार घेणाऱ्यांचाही अभ्यास केला. त्यांच्यातही धोका दुप्पट निघाला. कारण त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी केमो नाकारली होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण शंभरात तीन होतं. ‘जोडीला घेतोय’ म्हणता म्हणता मुख्य औषध सुटतं, ते असं.

मग सगळंच बंद करायचं का? मुळीच नाही. केमोनंतरचा थकवा आणि झोपेसाठी हलका योग, श्वसनाचे व्यायाम खरोखर उपयोगी पडतात. मळमळीच्या औषधांसोबत आल्याचा तुकडा काहींना बरा वाटतो. हलक्या हाताने तेल लावल्याने, आवडीची भजनं ऐकल्याने वेदना आणि धास्ती कमी होते. फक्त हाडात गाठ असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा एक पाय सुजून दुखत असेल तर आधी विचारा, जोर देऊन चोळू नका.

आजार बरा होणार नाही हे कळल्यावर प्रश्नच बदलतो. तेव्हा ‘याने कॅन्सर जाईल का’ हे विचारण्यापेक्षा ‘याने आजचा दिवस सुखाचा जाईल का’ हे विचारा. रेकीने मन शांत होत असेल तर जरूर घ्या, पण मॉर्फिनच्या गोळ्या बंद करून नको. सवय लागेल या भीतीपोटी वेदना सोसणारे पेशंट पाहिले की वाईट वाटतं. आणि त्या रांगेत उभं राहून आणलेल्या, हजारोंच्या औषधांचं कर्ज पेशंट गेल्यावर घरच्यांनाच फेडावं लागतं.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो कडक पथ्याचा. मीठ बंद, दूध बंद, मासे बंद. ज्या आजोबांनी आयुष्यभर बोंबलाचं कालवण खाल्लं, त्यांच्यापुढे शेवटच्या महिन्यात उकडलेला दुधी कशासाठी? गिळता येत असेल तर मागतील ते द्या. तिखट तेवढं कमी घाला, तोंड आलेलं असतं.