विश्लेषण : साबणाच्या पाण्यात औषधे तयार करता येतील?

औषधनिर्मितीत वर्षानुवर्षे वापरले जाणारे काही द्रावक एकामागोमाग नियमांच्या कचाट्यात सापडू लागले आहेत. डायमिथाइलफॉर्मामाइड अर्थात डीएमएफ हा प्रजननक्षमतेला घातक मानला जातो. युरोपीय महासंघाने १२ डिसेंबर २०२३ पासून कामगारांच्या त्याच्याशी येणाऱ्या संपर्कावर कडक मर्यादा लागू केल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये डायक्लोरोमिथेनचे बहुतेक उपयोग बंद करण्याचा नियम अंतिम केला. हे नियम तिथल्या कारखान्यांपुरते आहेत. पण मोठ्या कंपन्या पर्याय शोधू लागल्या की तेच तंत्र आज ना उद्या भारतातल्या उत्पादकांच्या दारात येते. त्यातला सध्या चर्चेत असलेला पर्याय म्हणजे पाणी आणि त्यात चमचाभर सरफॅक्टंट. सोप्या भाषेत, साबणाचे पाणी.

साबण अभिक्रियेत नेमके काय करतो?

सरफॅक्टंटच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि पाण्याचे वावडे असलेली लांब शेपटी असते. टूथपेस्ट-शाम्पूच्या वेष्टनावर दिसणारे सोडियम लॉरिल सल्फेट (एसडीएस) हे त्याचे ओळखीचे उदाहरण. पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या पुढे गेले की साठेक रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळा होतात. काही नॅनोमीटर आकाराच्या या गोळ्याला मिसेल म्हणतात. या प्रमाणाच्या खाली वेगावर फारसा परिणाम दिसत नाही. ते ओलांडले की चित्र झपाट्याने पालटते. साबणाच्या द्रावणात असे गठ्ठे असावेत, हे जेम्स मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास मांडले तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. हेच मॅकबेन पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

तेलकट रेणू पाण्यात विरघळत नाहीत, ते मिसेलमध्ये शिरतात. सीटॅब या दुसऱ्या सरफॅक्टंटचे साडेतीन ग्रॅम लिटरभर पाण्यात टाकले, तर सगळ्या मिसेलांनी मिळून व्यापलेली जागा जेमतेम तीन-चार मिलिलिटर भरते. अभिक्रियेतले दोन्ही भिडू एवढ्याशा जागेत कोंबले गेले, तर त्यांची तिथली संहती शेकडो पटींनी वाढते आणि ते एकमेकांवर जास्त वेळा आदळतात. नेहमीचा उत्प्रेरक अभिक्रियेला नवी, सोपी वाट काढून देतो. मिसेल बहुतेक वेळा तसे काही करत नाही. ते रेणूंचा पत्ता बदलते.

मग वेग नेहमी वाढतोच का?

नाही, आणि उत्साही जाहिरातींत नेमके हेच गाळले जाते. तोंड आल्यावर लावायचे जांभळे औषध, जेन्शन व्हायोलेट, अनेकांना आठवत असेल. आम्लारीयुक्त पाण्यात त्याचा रंग हळूहळू उडतो, कारण धनभारित रंगद्रव्यावर ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन जाऊन बसतो. डाइन्स्टी आणि ग्रुनवाल्ड यांनी १९५९ मध्ये अशाच रंगद्रव्यांवर प्रयोग केले. धनभारित डोक्याच्या सीटॅबमध्ये रंग झपाट्याने उडाला, ऋणभारित डोक्याच्या साबणात तो रेंगाळला. रंगद्रव्य दोन्हीकडे मिसेलपाशीच असते. पण सीटॅबची मिसेले हायड्रॉक्साइडला जवळ ओढतात, तर एसडीएसची त्याला दूर लोटतात. एकाच अभिक्रियेत एक साबण मदत करतो, दुसरा आडवा येतो.

जास्त साबण म्हणजे जास्त वेग, हेही खरे नाही. प्रमाण वाढवत नेले की मिसेलांची संख्या वाढते, तेवढेच रेणू अधिक गोळ्यांत विभागले जातात आणि वेग पुन्हा उतरू लागतो. रसायनात मीठ जास्त असले, तर त्याचे आयनही मिसेलच्या पृष्ठभागावरची जागा अडवतात. त्यामुळे प्रयोगशाळेतली कृती कारखान्यात जशीच्या तशी उचलता येत नाही.

उद्योगांनी हे स्वीकारले आहे का?

काही प्रमाणात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा संकुलातील ब्रूस लिपशुट्झ यांनी ‘ई’ जीवनसत्त्वापासून टीपीजीएस-७५०-एम हा सरफॅक्टंट तयार केला. पाण्यात साधारण दोन टक्के मिसळला की औषधनिर्मितीत लागणाऱ्या, कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या अनेक अभिक्रिया खोलीच्या तापमानाला होतात. त्याच्या डोक्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे इथे खेळ मुख्यतः रेणू एका जागी गोळा करण्याचा आहे. या कामासाठी २०११ मध्ये त्यांना अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. नोव्हार्टिसच्या रसायनतज्ज्ञांनी हे तंत्र किलोंच्या प्रमाणात वापरून दाखवले.

फायदा कुठे, अडचण कुठे?

एक किलो औषधी रसायनामागे २५ ते १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा निघतो, असा रॉजर शेल्डन यांचा १९९२ मधील ‘ई-फॅक्टर’चा हिशेब सांगतो. त्यात द्रावकांचा वाटा मोठा. तो पाण्याने भरून काढला की आकडा एकदम खाली येतो. पण मूळ ई-फॅक्टरमध्ये पाणी धरलेलेच नव्हते! म्हणजे विषारी द्रावकाऐवजी साबणाचे पाणी वापरले की कागदावर कचरा नाहीसा होतो. प्रत्यक्षात तो सांडपाण्याच्या टाकीत जातो.

हे सांडपाणी साधे नसते. अभिक्रियेला मदत करणारा साबण तेल आणि पाणी वेगळे होऊ देत नाही. फेस येतो, माल गाळून घेणे लांबते आणि काही सरफॅक्टंट शुद्धीकरण प्रकल्पातल्या जिवाणूंनाही मारक ठरतात. सीटॅब तर जखमा धुण्याच्या सेट्रिमाइड या जंतुनाशकाच्याच कुळातला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलेल्या तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात हा मुद्दा दुय्यम म्हणता येणार नाही. लिपशुट्झ यांच्या पद्धतीत यावर तोड आहे : थोड्याशा इथाइल अ‍ॅसिटेटने माल काढून घ्यायचा आणि साबणाचे तेच पाणी पुढच्या खेपेला वापरायचे. मात्र पाणी किती खेपा टिकते, हे प्रत्येक अभिक्रियेत वेगळे असते. मीठ आणि उपउत्पादने साचत गेली की वेग मंदावतो, आणि मग ते पाणी बदलावे लागते.