चुकांची वही

दुसऱ्याच्या चुका मनुष्य बोटांवर मोजतो. स्वतःच्या मात्र त्याला आठवतही नाहींत. जन्मभर विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून आम्हांस जें कांहीं कळलें तें एवढेंच. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरींच याचा प्रत्यय आला.

आमचा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीसाठीं संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. बहुतेक दिवस कोल्हापुरांतील आमच्या माडीवर बसूनच त्याचें काम चालतें. त्याच्या कामांत एकाच जातीची चूक तीनदां निघाली, वरिष्ठांनीं बोल लावला, आणि हा कष्टाळू मुलगा नोकरी सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागला. वहिनींच्या तोंडचें पाणी पळालें. आम्हीं त्यास विचारलें, “अरे, कोठें चुकलास आणि कां चुकलास, हें कधीं लिहून ठेविलें आहेस काय?” तो निरुत्तर झाला.

वास्तविक या विद्येंतील थोर आचार्यांनीं हेंच केलें आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांनीं गणिताचीं पुस्तकें सुबक छापण्यासाठीं ‘टेक्’ नांवाचा प्रोग्रॅम रचिला. १९७८ सालापासून त्यांत सांपडलेली प्रत्येक चूक ते टिपून ठेवूं लागले, आणि १९८९ सालीं आठशेंहून अधिक चुकांची व सुधारणांची ती यादी त्यांनीं आपण होऊन छापली! शिवाय तिचे पंधरा वर्ग पाडिले. हातचूक निराळी, विसरलेलें काम निराळें, मूळ रीतच फसली तें निराळें, अकल्पित प्रसंग ओढवला तें निराळें. हें वर्गीकरणच महत्त्वाचें. कारण हातचुकीस पुन्हां वाचणें हा उपाय आहे, पण रीत फसली असतां कितीही वेळां वाचून उपयोग नाहीं. रोग निराळा, तर औषधही निराळें.

दुसरे वॉट्स हंफ्री. यांनीं साठी उलटल्यावर साठांहून अधिक लहान प्रोग्रॅम स्वतः लिहून एक शिस्त बसविली. तिचें पुस्तक १९९५ सालीं निघालें. कामापूर्वीं वेळेचा अंदाज लिहावयाचा; मग व्यत्यय वजा करून प्रत्यक्ष लागलेला वेळ नोंदवावयाचा; चूक कोणत्या टप्प्यावर शिरली व कोणत्या टप्प्यावर सांपडली तें टिपावयाचें; आणि शेवटीं अंदाज व प्रत्यक्ष ताडून पाहावयाचें.

पुतण्यानें दीड महिना अशी वही ठेविली. दर रविवारीं रंकाळ्यावर फिरतांना आम्ही उभयतां तिच्यावर बोलत असूं. निम्म्याहून अधिक चुका विचार पुरा होण्यापूर्वींच लिहावयास बसल्यामुळें झाल्या होत्या. तीनदां निघालेली ती चूक तर एकच होती: ‘यादी रिकामीच आली तर काय?’ हा प्रश्न त्यानें स्वतःस विचारलाच नव्हता. परंतु व्यत्ययाच्या रकान्यांत ‘काका’ हा शब्द अकरा वेळां पाहून आम्ही ओशाळलों. चष्मा शोध, वीजबिल भर, हा निरोप वाचून दाखव, हे सारे आमचेच हुकूम! घरीं बसलेला मुलगा रिकामा आहे असें आपण वडील माणसें किती सहज धरून चालतों! तेव्हांपासून सकाळीं दहा ते बारा माडीवर कोणीं हांक मारावयाची नाहीं, असा घरांत नियम झाला आहे.

एक इशारा मात्र अवश्य द्यावयास हवा. ही वही वरिष्ठांस दाखविण्यासाठीं नव्हे, किंवा स्वतःस कोसण्यासाठींही नव्हे. तिच्यावरून पगार ठरूं लागला, कीं मनुष्य चुका टिपण्याऐवजीं लपवूं लागेल. रकाने थोडे असावेत. आणि आठवड्यांतून एकदां ती वाचलीच पाहिजे. न वाचलेली वही म्हणजे रद्दी.

पुतण्याच्या चुका संपल्या असें नाहीं. मात्र आतां होतात त्या नव्या होतात, आणि नोकरी सोडण्याची भाषा मावळली आहे. आम्हींही एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर नोंद आहे: ‘विनाकारण हांक मारणें.’